रंगूनच्या ब्याकाबरोबर इंदापूरला

प्रवासवर्णन लिहावं ते लांब जाऊन आलेल्यानं, हे मला कळतं. आपल्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकात याआधी काशीचं आलं, रामेश्वरचं आलं, आणि पोस्टमास्तरांच्या मेहुण्यानं दार्जिलिंगचं दिलं, त्यात निम्मी पानं त्याच्या सर्दीची होती. मी बारामतीहून निघालो आणि इंदापूरला पोचलो. तीस-बत्तीस मैल. पण ज्याच्याबरोबर गेलो तो कलकत्ता, ढाका, रंगून आणि सिलोन करून आलेला, आणि त्यानं अजून एक ओळ लिहिलेली नाही. विचारलं तर म्हणतो, लिहिण्यासारखं काय असतंय, मैदान सगळीकडं सारखंच. मला एवढे मुलूख बघायला मिळाले असते तर मी चार अंक भरले असते. मिळाले नाहीत. म्हणून इंदापूर.

बारामती

दत्तू सांगवीचा. हायस्कुलात आम्ही एका बाकावर बसायचो. आमचे ड्रिलमास्तर पलटणीतून आलेले. त्यांनी खडकीहून चामड्याचा फुटबॉल आणला आणि हुतूतू खेळणारी आम्ही पोरं दोन भागांत वाटून टाकली. पुढं पळून गोल मारणारे ते फॉरवर्ड, मागं राहून समोरच्याला अडवणारे ते ब्याक. मी फॉरवर्ड, दत्तू ब्याक. पुण्याच्या शाळांशी सामने झाले त्यात आमचे सगळे गोल मी मारले. दत्तू मागं नुसता उभा. एका कारखान्याचा साहेब आपल्या टीमसाठी पोरं बघायला आला होता. त्यानं सगळा सामना बघितला आणि बोट केलं ते दत्तूकडं.

गोल मी मारले, सिलोनला गेला तो. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा.

त्याला आता सात वर्षं झाली. कागदावर दत्तू कुठं गोदीत मुकादम, कुठं गिरणीत कारकून. खरा पगार फक्त समोरच्याला अडवण्याचा. मी तोवर पेठेतल्या कापडाच्या दुकानात गज धरून उभा. दुकान बंद झालं की ओट्यावर बसून मामलेदाराची, कंपौंडरची, खोकणाऱ्या स्टेशनमास्तरांची नक्कल करतो. गावात मला नकल्या म्हणतात. माझी कीर्ती पूर्वेला कसब्यापर्यंत आणि पश्चिमेला कॅनॉलपर्यंत.

दौंडहून येणाऱ्या छोट्या गाडीनं तो उतरला. सांगवीहून दोन बैलगाड्या भरून माणसं आली होती. हार झाला, नारळ झाला. अंगात कोट, पायात चकचकीत बूट, मनगटावर घड्याळ, आणि अंगाला असल्या साबणाचा वास की हार घालणारा जरा जास्तच वेळ गळ्यात पडून राहिला. मला बघून म्हणाला, "नकल्या, तू हाय तसाच हायस." त्याला ते कौतुक वाटत होतं.

स्टेशनाबाहेर सगळ्यांनी चहा घेतला. आम्ही बशीत ओतून प्यालो. त्यानं बशी बाजूला सारली आणि कपाला तोंड लावून सावकाश घोट घेतले. मीही बशी सारली. माझी जीभ भाजली ती मोरगावपर्यंत भाकरीची चव लागली नाही.

दत्तू आला होता लग्नासाठी. बाप गेल्यावर त्याचं सगळं चुलते बघायचे, त्यांना गाव तात्या म्हणतं. तात्यांनी इंदापूरची मुलगी बघून ठेवली होती. मुलीचं नाव सुमन, सातवी झालेली. घरची वांगी, केळी, पेरू, सगळं कॅनॉलच्या पाण्यावर. असं स्थळ तालुक्यात दुसरं नव्हतं, आणि दत्तूनं म्हणे पत्रातच कळवलं होतं की जमलं तर हितंच, नाहीतर नको. तात्यांनी मला बाजूला घेतलं. पोरगा चार शब्द बोलत नाही, तू बरोबर चल आणि बोलायचं काम तुझं, असं म्हणाले. म्हणजे पाय त्याचे, तोंड माझं, आणि बायको त्याची. मी दुकानातून पाच दिवस मागून घेतले.

मोरगाव

इंदापूर पूर्वेला, मोरगाव बरोबर उलट्या बाजूला. पण तात्यांचं म्हणणं पडलं की आधी गणपतीच्या कानावर घालायचं, मग मुलीच्या बापाच्या. म्हणून पहिल्यांदा एस्टीनं मोरगाव. कॅनॉलचा हिरवा पट्टा मागं पडला की मुलूख एकदम कोरडा. दाणे भरलेली ज्वारी, दगडांचे बांध, आणि बस आली तरी रस्ता न सोडणाऱ्या शेळ्या. आमच्या ड्रायव्हरनं एका शेळीशी बराच वेळ वाद घातला.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. लोकांना वाटतं नक्कल आवाजापासून सुरू होते. तसं नाही. माणूस टाचेत सापडतो. टाच कशी पडते ते उचललं की कंबर येते, कंबर आली की मान, आणि आवाज शेवटी आपोआप गळ्यात येऊन बसतो. देवळाच्या पायऱ्या चढताना दत्तू माझ्यापुढं होता. साहेबी बुटांची ती ऐटबाज चाल मला हवीच होती, गावात गेल्यावर महिनाभर पुरली असती. मी त्याच्या मागं टाचेला टाच लावून चढायला लागलो.

सहाव्या की सातव्या पायरीला माझा डावा गुडघा दुखायला लागला.

मला कळेना. मग बघितलं. प्रत्येक पायरीला तो उजवा पाय आधी टाकत होता आणि डावा नुसता ओढून शेजारी आणत होता. कोटाचा हात डाव्या मांडीला हळूच आधार देत होता. ते इतकं सफाईदार होतं की हजार माणसांत कुणाला दिसलं नसतं. मला दिसलं, कारण मी ते माझ्या अंगावर घातलं होतं. गाभाऱ्यासमोर मी हात जोडले. खरं सांगायचं तर माझ्या मनात त्या वेळी देवाचे आभारच होते.

दुपारी तात्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं हुरड्याला बोलावलं. शेतात खड्डा करून गोवऱ्या पेटवलेल्या, त्यात कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, आणि गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. सगळे भोवती उकिडवे बसले. दत्तू उभाच राहिला. शेतकऱ्यानं दोनदा बसायला सांगितलं, तेव्हा दत्तू म्हणाला की रंगूनला शेतातलं पहिलं धान्य उभ्यानं खातात, जमिनीचा मान म्हणून. शेतकरी विचारात पडला. मग तोही उठून उभा राहिला.

संध्याकाळच्या जेवणाला उभं राहणं शक्य नव्हतं. मासवड्या होत्या, पातळ आमटी होती. पाटावर बसताना दत्तूनं डावा पाय सरळ पुढं सोडला आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं की सिलोनात पाहुणा असाच बसतो. तात्यांनी क्षणभर बघितलं आणि आपलाही डावा पाय पसरला. पुतण्या एवढा फिरून आला, मग घरच्यांना रीत माहीत नको का. मग यजमानानं पसरला, त्याच्या भावानं पसरला. वाढणारी बाई आमटीचं भांडं घेऊन चार पाय ओलांडत गेली. मी एकटा मांडी घालून बसलो होतो, तर तात्यांनी मला खुणावलं की पाय सोड, अडाणी दिसतोस.

निमगाव केतकी

तिसऱ्या दिवशी बारामतीवरनंच परत पूर्वेला. निमगावचा बाजार होता. मेथीच्या जुड्या, वांग्यांच्या पाट्या, पानांच्या टोपल्या, आणि मधोमध आमची बस अडकलेली. तिथल्या तालमीनं दत्तूचा सत्कार ठेवला होता. परदेशात अंगाच्या जोरावर कमावतो म्हणजे पैलवानच असणार, असं त्यांनी धरलं होतं. वस्तादांनी फेटा बांधला, दंड चाचपला आणि विचारलं की तिकडं किती चीत केले. दत्तू म्हणाला, चीत करत नाहीत, चेंडू असतो. बरं, मग चेंडू किती घातले?

"येक बी न्हाय," दत्तू म्हणाला.

"सात वर्सात?"

"घालायचं माझं काम न्हाय. दुसऱ्याला घालू द्यायचं न्हाय, ते माझं काम."

वस्तादांनी डोळे मिटून विचार केला. "म्हंजी राखनदार," ते म्हणाले. "आमी राखनदाराला दिवसाला दोन भाकरी देतो. तुमाला बोटीतनं नेत्यात."

तालीम हसली. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. मग तात्यांनी मला पुढं ढकललं. मी फुटबॉलचा सामना करून दाखवला: शिट्टी फुंकणारा पंच, पडून रडणारा फॉरवर्ड, बंगालीत शिव्या देणारा प्रेक्षक. बंगाली मला येत नाही, पण निमगावातही कुणाला येत नाही. लोक लोळायचे बाकी राहिले. शेवटी एकानं ओरडून सांगितलं की आता ह्या पाहुण्याची नक्कल कर. दत्तूनं माझ्याकडं बघितलं. माझा पाय उचलला गेला होता. मी तो खाली ठेवला आणि घसा बसलाय म्हणालो. घसा ठणठणीत होता. ही नक्कल मी इंदापूरसाठी राखून ठेवली.

बस सुटायला वेळ होता. दत्तू मला घेऊन जवळच्या पानमळ्यात गेला. आत गारवा असतो, शेवरीच्या झाडांवर वेल चढवलेले, पायाखाली ओल. तो एका झाडाला टेकला. मी सरळ विचारलं की गुडघा कधी गेला.

त्यानं नाही म्हणून बघितलं नाही. रंगूनला, गेल्या पावसाळ्यात, म्हणाला. चिखल होता, एक मोठा गडी अंगावर आला, त्याला अडवला आणि आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की चालशील, खेळणार नाहीस. सिलोनच्या क्लबाला हे माहीत नाही. त्यांचं पत्र आलंय, जूनमध्ये ये. आणि इंदापूरच्यांना माहीत नाही; त्यांना वाटतंय जावई बोटीनं येतो-जातो. "सोयरीक झाली की सांगीन मी," तो म्हणाला. "आदी सांगितलं तर लंगड्याला कोन पोरगी देतंय. तू बोलू नगंस."

मी म्हटलं, बोलणार नाही.

मग तो म्हणाला, "तुझं बरं हाय, नकल्या. तुला काय होनार." मला आधी दया येत होती. ह्या वाक्यानं ती गेली.

इंदापूर

मुलीचं घर गावाबाहेर, पाटाच्या कडेला. अंगण सारवलेलं, पलीकडं केळीची बाग, वांग्यांचे वाफे शिवणीच्या टाक्यांसारखे सरळ. मुलीचे वडील, आबा, उंच आणि कमी बोलणारे. चहा कपबशीत आला. ह्या वेळी मी बशी सोडली नाही.

बसताना दत्तूनं डावा पाय पसरला. तात्यांनीही पसरला. आबा दोन्ही पायांकडं बघत राहिले. मी सिलोनची रीत समजावून सांगितली, बोलायचं काम माझं होतं. आबा हं म्हणाले. घरातल्या कुणीही पाय पसरला नाही. इंदापूर मोरगावपेक्षा सुधारलेलं आहे.

सुमनला आणलं. नाव विचारलं, एक उतारा वाचायला लावला, तिनं न अडखळता वाचला. मग सांगवीहून परस्पर आलेल्या आमच्याकडच्या दोन बायकांनी नेहमीप्रमाणं तिला विहिरीवरून कळशी आणायला सांगितली. पाणी कुणाला नको असतं. चाल बघायची असते, पायात काही खोट नाही ना. ती गेली आणि आली. मान ताठ, पाणी हिंदकळलं नाही. मी बघत होतो, आणि माझ्यासाठी अजून कुणी कुणाला कळशी आणायला सांगितलेलं नाही हे मला तिथं फार लागलं.

कळशी खाली ठेवल्यावर आबा बोलले. "आमची चालून दाखवली. आता तुमचा."

तात्या हसले, त्यांना गंमत वाटली. आबा हसत नव्हते. "पोरगा पायावर पोट भरतोय म्हनता. मग पाय बघू द्या. त्या केळीपतोर जाऊन या, पाव्हणं."

अंगण ते केळी, मधे दोन चढत्या पायऱ्या. दत्तूचा हात जमिनीवर टेकला, उठण्यासाठी. तो तसाच राहिला. कपाळावर घाम आलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं, काहीतरी बोल, म्हणून.

मी उठलो. "आबा, तो लाजतोय," मी म्हणालो. "तो कसा चालतो ते मी दावतो. माझा धंदाच हाय."

मी आधी कोट झटकला, हनुवटी वर केली, नसलेलं घड्याळ बघितलं. घर हसलं. दाराआडच्या बायकाही हसल्या. मग मी निघालो. पायऱ्या आल्या. उजवा पाय आधी, डावा ओढून शेजारी, हात मांडीला हळूच. इतकी बारीक नक्कल मी आयुष्यात केलेली नाही. सात वर्षांचं सगळं मी त्या गुडघ्यात घातलं होतं. केळीपाशी वळलो तेव्हा हसू कमी झालं होतं, आणि परत अंगणात आलो तेव्हा अजिबात नव्हतं. माणसाची खोड काढली की लोक हसतात. हे वेगळं होतं, आणि ते त्यांना माझ्याआधी कळलं.

सुमन दारात उभी होती. ती माझ्याकडं बघतच नव्हती. दत्तूच्या पसरलेल्या पायाकडं बघत होती.

आबांनी विचारलं, "ह्यो वाढवून दावतोय का?"

दत्तूला सुटायला जागा होती. माझ्यावर ढकललं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं, नकल्याच तो.

"न्हाय," दत्तू म्हणाला. "असंच हाय. खेळ संपला माझा. मी लपवलं."

तात्यांचं तोंड उघडं राहिलं. आबांची नजर तात्यांच्या पायाकडं गेली. "आन् तुमचा?" तात्यांनी पाय एवढ्या झटकन मांडीत घेतला की चहाची बशी उडाली.

आबा उठून आत गेले. आतून बायकांचं कुजबुजणं बराच वेळ ऐकू आलं. मी अंगणात तसाच उभा. मला वाटत होतं की जिंकल्यासारखं वाटेल, अजून थोडा वेळ लागेल. तात्या तर फेटा सावरून निघायच्या तयारीलाच लागले होते.

आबा बाहेर आले ते खाली बसले, दत्तूसमोर. म्हणाले की आज तुम्हाला नाहीच म्हणायचं ठरलेलं होतं. मुलीची आई सिलोनचं नाव ऐकल्यापासून नीट जेवलेली नाही. समुद्रापलीकडं मुलगी द्यायची नाही, आणि नवरा समुद्रापलीकडं आणि मुलगी सांगवीत, असंही करायचं नाही. हे तोंडावर सांगायचं कसं, म्हणून आबा आठ दिवस सबब शोधत होते. पाय बघायचं काढलं तेही त्यातूनच. आता खेळ संपला म्हणजे समुद्रही संपला, सबब लागतच नाही.

"वांगी गाडीनं बाजारात जात्यात, गुडघ्यानं न्हाय," आबा म्हणाले. "पन माझ्या पोरीसमोर सांगायचं. परत जानार न्हाय म्हनून."

दत्तूनं सुमनकडं बघितलं. तिनं मान खाली घातली नाही. त्यानं खिशावर हात ठेवला, तिथं सिलोनचं पत्र असणार, आणि म्हणाला, "जात न्हाय."

साखर वाटली गेली, सुपारी फुटली. तात्यांनी मला मिठी मारली, तू होतास म्हणून जमलं म्हणाले. आबांनी माझ्या तळहातावर साखर ठेवली. मी त्याला पाडायला पाय घातला होता, आणि माझ्याच पायानं तो घरात जाऊन पडला. पेरूंची पाटी भरून दिली आम्हाला, चांगले मोठे पेरू होते. मी एकही खाल्ला नाही.

परतीची वाट

दुसऱ्या दिवशी निमगावच्या अलीकडं बस तापली. ड्रायव्हर डबा घेऊन पाटावर पाणी आणायला गेला. तात्या आत झोपले होते. दत्तू आणि मी खाली उतरलो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला रिकामा रस्ता. तो मैलाच्या दगडावर बसला, पाय सरळ सोडून. आता कुठल्या देशाची रीत सांगायची गरज नव्हती.

मग म्हणाला, "मुद्दाम केलंस."

"व्हय," मी म्हणालो.

"का रं?"

मी सांगितलं. गोल मी मारले होते, एवढंच सांगितलं. त्यानं मान हलवली. त्याला ते आठवत होतं. मग म्हणाला की तुला कळत नव्हतं म्हणून सांगतो, तू सुटायचास ना पुढं, तेव्हा मागं वळून कधी बघितलं नाहीस. मी बघायचो तुझी पाठ. मागं राहिलेल्याला दुसरं काय दिसतं.

"आदीची चाल येती का तुला?" त्यानं विचारलं. "माझी. गुडघ्याच्या आदीची."

येत होती. शाळेपासून येत होती. चेंडू यायच्या आधी दोन पावलं मागं सरकायचा, टाचा किंचित उचललेल्या, हात कमरेपासून सुटे, आणि मग एकदम डावीकडं, मांजरासारखं. मी कधी कुणाला करून दाखवली नव्हती, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"दाव," तो म्हणाला.

मी रस्त्यावर चाललो. दोन पावलं मागं, टाचा उचलून, मग डावीकडं. गुडघा लख्ख वाकला, पाय हलका पडला. वळून बघितलं तर दत्तू दगडावर पुढं वाकून बसला होता आणि माझ्या पायांकडं बघत होता. ती नजर मला लगेच ओळखू आली. इतकी वर्षं ती माझीच होती.

ड्रायव्हर पाणी ओतून झालं म्हणाला, कंडक्टरनं घंटी दिली. दत्तू उठला नाही.

"आनि येकदा," तो म्हणाला.

मी कंडक्टरला हात केला, थांब म्हणून, आणि परत मागं गेलो.